कानावर पडते, पण कळत नाही : फ्रेंचच्या श्रवण-परीक्षेविषयी वाचकांचे प्रश्न

या सदराकडे फ्रेंचविषयी येणारी पत्रे पूर्वी बहुतेक व्याकरणाची असत. अलीकडे त्यांतली बरीच पत्रे कॅनडाला निघालेल्या वाचकांची असतात आणि अडचण जवळजवळ नेहमी एकच असते, ती म्हणजे श्रवणाची. त्यांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत. फ्रेंच शब्द देवनागरीत लिहिताना ध्वनी थोडे वाकतातच; म्हणून येथील लेखन ओळख पटण्यापुरते समजावे, उच्चार त्यावरून शिकू नयेत.

प्रश्न : मी सॉफ्टवेअर क्षेत्रात नोकरी करते. अकरावी-बारावीला फ्रेंच घेतले होते, गुणही उत्तम होते. पुढे बी2 या वरच्या-मध्यम पातळीपर्यंतचे वर्ग पूर्ण केले. कॅनडातील स्थायी वास्तव्यासाठी टीसीएफ कॅनडा ही फ्रेंचची परीक्षा दिली, तेव्हा वाचनात 512 आणि श्रवणात 431 गुण मिळाले. मला श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण या चारही कौशल्यांत एनसीएलसी 7 ही, म्हणजे फ्रेंचसाठीच्या कॅनडाच्या मोजपट्टीवरील सातवी पातळी गाठायची आहे. गेले तीन महिने स्वयंपाक करताना आणि ऑफिसला जाता-येता मी रोज दोन तास फ्रेंच रेडिओ लावून ठेवते, तरीही सराव परीक्षेतील गुण हलत नाहीत. माझा शब्दसंग्रह कमी पडतो आहे का?
— एक वाचिका, पुणे

उत्तर : शब्दसंग्रह कमी पडत नाही, हे आपल्याच गुणपत्रिकेत लिहिलेले आहे. वाचनातील 512 गुण एनसीएलसी 8 मध्ये बसतात. श्रवणात 398 ते 457 ही एनसीएलसी 6 ची मर्यादा आहे आणि 7 ची पातळी 458 पासून सुरू होते. म्हणजे आपण 27 गुणांनी अडलेल्या आहात. जिला 512 गुणांइतके वाचता येते, तिला श्रवणाच्या ध्वनिफितीतील बहुतेक शब्द माहीत असतात. फक्त ते डोळ्यांना माहीत असतात, कानांना नसतात. आपल्याकडे अकरावी-बारावीला फ्रेंच घेतले जाते ते बव्हंशी गुणांसाठी, आणि ते गुण लेखी उत्तरपत्रिकेवर मिळतात. क्रियापदांचे तक्ते पाठ असलेला विद्यार्थी तेच क्रियापद कोणी भरभर बोलले की गोंधळतो, याचे मूळ तिथे आहे. मी स्वतः अशाच वर्गांतून शिकलो आणि पुढे अनेक वर्षे तसेच शिकवलेही, तेव्हा या दोषात माझाही वाटा आहे.

प्रत्यक्षात काय घडते ते एका वाक्यात पाहू. ‘फ्रिजमध्ये काय आहे ते मला माहीत नाही’ हे वाक्य पुस्तकी फ्रेंचमध्ये साधारण ‘झ न से पा स किल य आ दां ल फ्रिगो’ असे होईल. घरातला माणूस मात्र ‘शे पा स्क्या दां ल फ्रिगो’ एवढेच म्हणतो. ‘झ न से पा’चे ‘शे पा’ झाले, नकाराचा ‘न’ गळाला, आणि ‘स किल य आ’ हे चार शब्द दाटीवाटीने ‘स्क्या’ या एका अक्षरात बसले. माझ्या एका विद्यार्थ्याने या जागी वहीत चक्क हिंदीतला ‘क्या’ लिहिला होता आणि अर्थाच्या दृष्टीने तो फारसा चुकलाही नव्हता! यातला एकही शब्द त्याला नवा नव्हता. सगळे पहिल्या सहा महिन्यांतले होते. ‘झ स्वी’चे ‘श्वी’, ‘त्यु आ’चे ‘ता’, ‘इल्य आ’चे नुसते ‘या’ ही सगळी याच जातीची रूपे आहेत. आपणही ‘काय करत आहेस’ असे लिहितो आणि ‘काय करतोयस’ किंवा ‘काय करतेस’ असे बोलतो, पण मराठीत हा फरक आपल्याला जाणवत नाही, कारण बोलणे आपण आधी शिकलो आणि लिहिणे नंतर. फ्रेंचमध्ये आपला क्रम उलटा झालेला आहे.

आता रेडिओविषयी. फोडणी करता करता लावलेला रेडिओ निरुपद्रवी आहे, परंतु तो अभ्यास नव्हे. जे कळत नाही ते सोडून देण्याची कानाला सवय असते आणि पार्श्वभूमीला चालू असलेल्या आवाजातून ती सवयच पक्की होते. शेजारच्या घरातला टीव्ही वर्षभर ऐकूनही मालिकेतली पात्रे आपल्याला सांगता येत नाहीत, तसेच हे. दोन तासांच्या रेडिओपेक्षा पंचवीस मिनिटांचे श्रुतलेखन अधिक काम करते, असे माझे स्पष्ट मत आहे. श्रुतलेखन हा शब्द ऐकून आपल्याला प्राथमिक शाळा आठवेल आणि थोडे कंटाळवाणे वाटेल. ते कंटाळवाणे आहेच.

ते असे करावे. सुमारे एक मिनिटाची ध्वनिफीत घ्यावी, मात्र तिची संहिता उपलब्ध असली पाहिजे. संहितेशिवाय हा अभ्यास होत नाही. आर.एफ.आय. या फ्रेंच नभोवाणीचे सोप्या फ्रेंचमधील दहा मिनिटांचे वार्तापत्र संहितेसह मिळते आणि टीव्ही5 मोंद या फ्रेंच दूरचित्रवाहिनीच्या संकेतस्थळावर पातळीनुसार निवडलेले उतारे आहेत. दोन्ही विनामूल्य आहेत. प्रथम ध्वनिफीत न थांबवता एकदाच ऐकावी आणि कोण, कोणाशी, कशाविषयी बोलत आहे हे मराठीत एका ओळीत लिहावे. त्यानंतर चार-पाच शब्दांपाशी थांबत फ्रेंचमध्ये उतरवून घ्यावे. जे कळले नाही तेथे रेघ ओढून पुढे जावे आणि कोणताही तुकडा पाच वेळांपेक्षा अधिक ऐकू नये. मग संहिता उघडून लाल शाईने चुका सुधाराव्यात. शेवटी संहिता समोर ठेवून बोलणाऱ्याच्या पाठोपाठ, त्याच्याच वेगात, मोठ्याने म्हणावे. घरच्यांना हे विचित्र वाटेल, पण ही शेवटची पायरी टाळू नये, कारण जो ध्वनी आपल्या तोंडातून कधी गेलेला नाही तो कानाला उशिरा सापडतो.

खरे काम लाल शाईनंतर सुरू होते. प्रत्येक चुकीसमोर तिचे कारण लिहावे : शब्द माहीतच नव्हता, शब्द माहीत होता पण ओळखू आला नाही, की दोन शब्दांमधली सीमा चुकीच्या जागी पाडली. पंधरवड्याने मोजदाद केली की बहुतेकांच्या वहीत दुसऱ्या आणि तिसऱ्या कारणांची बेरीज पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक भरते. आपल्या वहीतही तसेच निघाले, तर नव्या शब्दांच्या याद्या पाठ करण्यात वेळ घालवू नका.

सीमा चुकण्याचे मुख्य कारण म्हणजे शब्दांना जोडणारा संधी. एरवी मुका असलेला शेवटचा व्यंजनध्वनी पुढे स्वर आला की जागा होतो. ‘इल सों’ म्हणजे ‘ते आहेत’ आणि ‘इल ज़ों’ म्हणजे ‘त्यांच्याकडे आहे’. फरक फक्त स आणि ज़ यांचा. वेळा सांगताना हा संधी विशेष छळतो. ‘द-ज़र’ म्हणजे दोन वाजता आणि ‘दू-ज़र’ म्हणजे बारा वाजता; ‘सी-ज़र’ म्हणजे सहा आणि ‘दी-ज़र’ म्हणजे दहा. दवाखान्यातील भेटीची वेळ किंवा दुकान बंद होण्याची वेळ विचारणाऱ्या प्रश्नात हे दोन्ही आकडे पर्यायांत शेजारी शेजारी ठेवलेले असले, तर तो योगायोग समजू नये. ‘प्ल्यू’चेही तसेच आहे. बोलताना नकाराचा ‘न’ गळून पडतो, त्यामुळे ‘झां व प्ल्यू’ म्हणजे ‘मला आता नको’ आणि शेवटचा स उच्चारून ‘झां व प्ल्यूस’ म्हणजे ‘मला आणखी हवे’. एका स वरून पाहुण्याचे ताट रिकामे राहते किंवा भरते.

आकड्यांसाठी वेगळी दहा मिनिटे ठेवावीत. सत्तर म्हणजे साठ-दहा, बहात्तर म्हणजे साठ-बारा, नव्वद म्हणजे चार-वीस-दहा या फ्रेंच पद्धतीला आपले विद्यार्थी नावे ठेवतात. ‘एकोणऐंशी’ म्हणताना ऐंशीतून एक वजा करणाऱ्या मराठी माणसाने तशी ती ठेवू नयेत, पण ते असो. अडचण गणिताची नसून घाईची आहे. फ्रान्समधील दूरध्वनी क्रमांक दहा अंकी असतो आणि दोन-दोन अंकांच्या पाच जोड्यांत सांगितला जातो. ‘सॉयसांत’ ऐकताच हात 60 लिहून मोकळा होतो आणि मग ‘दूज़’ येते, तोवर पुढची जोडी सुरू झालेली असते. उपाय एवढाच की जोडी पूर्ण होईपर्यंत पेन उचलून धरावे. कोणाकडून तरी रोज दहा क्रमांक वाचून घ्यावेत. कोणी नसल्यास आपल्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकावेत.

आठवड्यातून चार दिवस श्रुतलेखन आणि एक दिवस परीक्षेसारखे एकदाच ऐकून सोडवलेले प्रश्न, असे प्रमाण ठेवा. चारही कौशल्यांत एनसीएलसी 7 मिळाल्यास एक्स्प्रेस एन्ट्री या कॅनडाच्या स्थायी वास्तव्यासाठीच्या निवडपद्धतीत अतिरिक्त गुण मिळतात. इंग्रजी सीएलबी 5 (सीएलबी ही इंग्रजीसाठीची तशीच मोजपट्टी) किंवा त्यावर असेल तर ते 50 असतात. शिवाय 2023 पासून फ्रेंच जाणणाऱ्यांसाठी स्वतंत्र निवडफेऱ्याही होऊ लागल्या आहेत. म्हणून घाई होणे स्वाभाविक आहे. पण निकाल दोन वर्षेच ग्राह्य असतो आणि परीक्षेचे शुल्क लहान नसते. सराव परीक्षेत सलग तीन-चार वेळा 458 च्या बरेच वर गुण मिळेपर्यंत पुन्हा नाव नोंदवू नये, असे मी सुचवेन.

प्रश्न : सराव करताना मला बरेचसे कळते, परंतु परीक्षेच्या वेळी पर्याय वाचू की ऐकू, या ओढाताणीत दोन्ही हातचे जाते. एक प्रश्न चुकला की पुढचे तीन-चार त्याच विचारात निघून जातात. पर्यायातील शब्द ध्वनिफितीत स्पष्ट ऐकू आलेला असतानाही उत्तर चुकीचे कसे ठरते, हेही कळत नाही.
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : टीसीएफमध्ये श्रवणाचे 39 प्रश्न 35 मिनिटांत होतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी 54 सेकंदही मिळत नाहीत. कॅनडासाठीच चालणाऱ्या टीईएफ कॅनडा या दुसऱ्या परीक्षेत 40 मिनिटांत 40 प्रश्न असतात. टीसीएफमध्ये प्रत्येक उतारा एकदाच ऐकवला जातो आणि तो थांबवता किंवा मागे नेता येत नाही. प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे जातात. सुरुवातीच्या काही प्रश्नांत पर्यायही लिहिलेले नसतात, ते ऐकावेच लागतात. तेथे आपली ओढाताण आपोआप मिटते. पुढे पर्याय लिखित असतात, तेव्हा उतारा सुरू होण्यापूर्वी जो थोडा अवकाश मिळतो त्यात फक्त प्रश्न वाचावा आणि पर्यायांवरून नजर फिरवून ते कशात वेगळे आहेत एवढेच टिपावे : जागेत, वेळेत, कारणात, की बोलणाऱ्याच्या मतात. आवाज सुरू झाला की डोळे पर्यायांवरून काढून घ्यावेत. वाचणारा डोळा कानाला ऐकू देत नाही, हा माझा अनुभव आहे. काही विद्यार्थी तर या वेळी डोळे मिटून बसतात.

ऐकू आलेला शब्द असलेला पर्याय चुकीचा ठरतो, कारण तो शब्द बहुधा मुद्दामच तेथे ठेवलेला असतो. समजा, एक बाई म्हणते, ‘जे फायी राते मों त्रँ’. ‘राते’ आणि ‘त्रँ’ हे शब्द ठळक ऐकू येतात आणि ‘तिची गाडी चुकली’ हा पर्याय खुणावू लागतो. पण ‘फायी’ म्हणजे ‘होता होता राहिले’; तिची गाडी चुकता चुकता मिळाली आहे. योग्य पर्यायात कदाचित ‘ती वेळेवर पोहोचली’ असे असेल आणि त्यात उताऱ्यातला एकही शब्द नसेल. ‘सां दूत’चेही असेच होते. शब्दशः पाहिले तर ‘निःसंशय’, पण रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ ‘बहुधा’ असा होतो. म्हणून जो पर्याय उताऱ्याचे शब्द जसेच्या तसे घेऊन येतो, त्याच्याकडे प्रथम संशयाने पाहावे.

अवघड प्रश्नांत घटनेपेक्षा मत विचारले जाते. बोलणारा ‘सेर्त’ म्हणाला की तो दुसऱ्याचे म्हणणे तात्पुरते मान्य करतो आहे, एवढेच समजावे. त्याचे स्वतःचे मत पुढच्या ‘मे’ म्हणजे ‘पण’ नंतर येते. आपल्याकडे ‘खरे आहे, पण…’ असे कोणी म्हणाले की आपण ‘पण’ची वाट पाहतो, तीच वाट येथे पाहावी. ‘पूर्तां’ आणि ‘आं रव्हांश’ हे शब्दही असेच वळण दाखवतात.

चुकलेल्या प्रश्नाविषयी : टीसीएफमध्ये चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. उत्तर न सापडल्यास एक पर्याय निवडून तो प्रश्न तेथेच सोडावा. हे सांगायला सोपे आहे, म्हणून त्याचाही सराव लागतो. घरी प्रश्नसंच सोडवताना दर आठवा-दहावा प्रश्न मुद्दाम न ऐकता, अंदाजाने उत्तर देऊन सोडावा आणि पुढच्या प्रश्नावर मन किती लवकर येते ते पाहावे. पहिल्या दिवशी फार चडफड होते.

प्रश्न : माझी मुलगी उच्च शिक्षणासाठी फ्रान्सला जाण्याचा विचार करते आहे आणि डेल्फ बी2 या फ्रेंचच्या प्रमाणपत्र-परीक्षेची तयारी करते. तिनेही टीसीएफचेच श्रवण-प्रश्न सोडवावेत का? — एक पालक, कोल्हापूर

उत्तर : सरावाला हरकत नाही, पण मुख्य तयारी डेल्फच्या नमुन्यावरच हवी, कारण दोहोंचा बाज वेगळा आहे. डेल्फ बी2 च्या श्रवणाला 25 गुण असतात. त्यात दोन लांब उतारे प्रत्येकी दोनदा ऐकवले जातात आणि तिसऱ्या प्रश्नातील छोटे उतारे एकदाच. उत्तीर्ण होण्यासाठी एकूण 100 पैकी 50 आणि प्रत्येक विभागात 25 पैकी किमान 5 गुण लागतात. मिळालेले प्रमाणपत्र कायम ग्राह्य असते, ही टीसीएफच्या तुलनेत मोठी सोय आहे. लांब उतारा दुसऱ्यांदा ऐकवला जाईल या भरवशावर पहिल्यांदा सैल ऐकण्याची खोड तिला लागली असेल, तर ती मात्र मोडावी.

प्रश्न : मी मिसिसागा येथे राहते. घरी आणि बाजारात सगळे इंग्रजीच चालते, म्हणून रेडिओ-कॅनडा ही इथली फ्रेंच नभोवाणी ऐकू लागले, तर क्यूबेक या फ्रेंचभाषक प्रांताचे फ्रेंच मला मुळीच कळत नाही. पुण्यात शिकलेले फ्रेंच वायाच गेले असे वाटते. परीक्षेत हेच उच्चार येतील का? इंग्रजी उपशीर्षके लावून फ्रेंच मालिका पाहण्याचा काही उपयोग होईल का? — एक वाचिका, कॅनडा

उत्तर : परीक्षा कॅनडासाठी असली तरी ती तयार होते फ्रान्समध्ये. टीसीएफ ही सेव्र येथील ‘फ्रान्स एद्युकासियों आंतेर्नासियोनाल’ या संस्थेची, तर टीईएफ ही पॅरिस परिसराच्या वाणिज्य मंडळाची. तेव्हा परीक्षेची मुख्य तयारी आपण शिकलेल्या फ्रेंचवरच करावी. ते वाया गेलेले नाही. परंतु आपल्याला त्या देशात राहायचे आहे, म्हणून क्यूबेकचा कानही हळूहळू तयार करावा.

येथे मराठी माणसाला एक आयती सोय आहे. क्यूबेकमध्ये इ आणि यु या स्वरांपूर्वीचा त हा ‘त्स’ होतो आणि द हा ‘द्झ’. फ्रान्समधला ‘त्यु’ तेथे ‘त्स्यु’ होतो आणि ‘दिमांश’ म्हणजे रविवार हा ‘द्झिमांश’ होतो. हे ध्वनी आपल्या चुलीतल्या च चे आणि जगातल्या ज चे आहेत. हिंदी किंवा इंग्रजी माध्यमातून फ्रेंच शिकणाऱ्यांना ते नव्याने ऐकायला शिकावे लागतात, आपल्याला केवळ ओळखायचे असतात. याउलट ‘दस्यु’ म्हणजे वर आणि ‘दसू’ म्हणजे खाली, यांतला पहिला, म्हणजे ओठ गोल करून म्हटलेल्या इ सारखा स्वर मराठीत नाही. तेथे आपली खरी परीक्षा आहे, मग बोलणारा पॅरिसचा असो वा माँट्रियलचा.

उच्चारांपेक्षा अधिक फसवतात ते शब्द. फ्रान्समध्ये ‘देझने’ म्हणजे दुपारचे जेवण आणि ‘दिने’ म्हणजे रात्रीचे. क्यूबेकमध्ये ‘देझने’ सकाळची न्याहारी होते, ‘दिने’ दुपारी येते आणि रात्रीच्या जेवणाला ‘सूपे’ म्हणतात. कोणी ‘दिने’ला बोलावले, तर वेळ विचारून घ्यावी. ‘से-त्स्यु ल्वँ?’ असे ऐकल्यास त्यातल्या ‘त्स्यु’चा अर्थ ‘तू’ असा शोधत बसू नये. तो नुसता प्रश्नदर्शक आहे आणि वाक्याचा अर्थ ‘लांब आहे का?’ एवढाच आहे.

इंग्रजी उपशीर्षकांसह मालिका पाहणे म्हणजे इंग्रजी वाचन होय. त्याला श्रवणाचा अभ्यास म्हणू नये. फ्रेंच उपशीर्षके उपयोगी पडतात, पण मूळ फ्रेंच मालिकेचीच. दुसऱ्या भाषेतून फ्रेंचमध्ये ध्वनिरूपांतर केलेल्या मालिकेत पात्र एक बोलते आणि खाली वेगळेच लिहिलेले असते, कारण ही दोन भाषांतरे बहुधा स्वतंत्रपणे केलेली असतात. एका प्रसंगाची तीन मिनिटे घ्यावीत, आधी उपशीर्षकांशिवाय पाहावीत, मग फ्रेंच उपशीर्षकांसह आणि पुन्हा त्यांच्याशिवाय. रेडिओ-कॅनडाच्या बातम्या आत्ता अवघड वाटत असतील, तर हवामानाच्या निवेदनापासून सुरुवात करा. ते दीड-दोन मिनिटांचे असते, शब्द रोज तेच येतात, आकडे बदलतात, आणि खिडकीबाहेर पाहिले की बरोबर ऐकले की नाही हे लगेच ताडून पाहता येते.